लाइनच्या खोलीतले मास्तर

अमेरिकेतल्या विद्यापीठात सर्वांत चांगलं शिकवणं कुठे पाहिलं असं मला कुणी विचारलं, तर मी फुटबॉलच्या इमारतीकडे बोट दाखवीन. तळमजल्यावर, व्यायामशाळेच्या पलीकडे, खिडकी नसलेली एक खोली आहे. तिथे ऑफेन्सिव्ह लाइनच्या मुलांची, म्हणजे चेंडू हातात असलेल्या आपल्या गड्यासाठी पुढे उभं राहून अंगावर मार घेणाऱ्या मुलांची, रोज बैठक होते. त्या खोलीत मी जे शिकवणं पाहिलं तसं वर्गांमध्ये फार क्वचित पाहायला मिळालं. आणि ते शिकवणाऱ्यांच्या नोकऱ्या मात्र कमालीच्या कच्च्या. इतिहासाच्या प्राध्यापकाची नेमणूक एकदा कायम झाली की तो निवृत्तीपर्यंत निर्धास्त असतो. लाइनच्या कोचला पुढच्या नोव्हेंबरात आपण याच गावात असू का, हे सांगता येत नाही. या इमारतीत माझी बरीच वर्षं गेली, तरी ही गोष्ट मला पचलेली नाही.

मी मूळची सांगलीची. तिथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या गावात आले. कामाचा परवाना हातात पडेपर्यंत घरातच होते. तो आल्यावर पहिली जाहिरात दिसली ती खेळाडूंना स्टॅटिस्टिक्स शिकवण्यासाठी तासावारी ट्यूटर हवा असल्याची. तिथून पुढे त्याच विभागात अभ्यास सल्लागार झाले आणि फुटबॉलचा संघ माझ्याकडे आला. मुलांनी कुठले विषय घ्यायचे, कोण वर्गाला जात नाही, कोणाची परीक्षा सामन्याच्या प्रवासात येते, पदवीला किती क्रेडिट्स कमी पडताहेत, हे सगळं माझ्याकडे.

खेळ मला अजिबात ठाऊक नव्हता. अकरा विरुद्ध अकरा. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. प्रत्येक संधी पाच-सात सेकंदांत संपते, मग सगळे थांबतात, पुन्हा मांडणी होते. म्हणजे तासनतास चालणाऱ्या सामन्यात प्रत्यक्ष खेळ थोडा आणि त्यामागची तयारी प्रचंड. ही तयारी करून घेणारा माणूस म्हणजे पोझिशन कोच. टीव्हीवर कानाला हेडसेट लावून ओरडताना दिसतो तो हेड कोच. त्याच्या हाताखाली हल्ल्याचा आणि बचावाचा एकेक कोऑर्डिनेटर, आणि त्यांच्याखाली प्रत्येक जागेचा वेगळा कोच. क्वार्टरबॅकचा वेगळा, रिसीव्हरचा वेगळा, लाइनबॅकरचा वेगळा. प्रत्येकाची स्वतःची खोली, स्वतःची मुलं. मुलगा विद्यापीठात चार वर्षं काढतो तेव्हा तो हेड कोचला सभेत ऐकतो. राहतो मात्र पोझिशन कोचजवळ.

ज्या कोचमुळे मी हे सगळं लिहिते आहे ते लाइनचे कोच तेव्हा पन्नाशीचे असतील. खेळताना मोडून वाकडी झालेली बोटं, एक गुडघा बदललेला, वाचायचा चष्मा टोपीच्या छपरावर चढवलेला. लाइनच्या मधोमध चेंडू मागे देणारा सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. या कोचकडे एक टॅकल होता, मिसिसिपीतल्या लहानशा गावातून आलेला. तो माझ्याकडे स्टॅटिस्टिक्सला होता आणि पहिल्या चाचणीत त्याने कोरा कागद दिला होता. मी कोचना सांगायला गेले. ते म्हणाले, "बैठक सुरू होतेय. बसा. तो कसा विचार करतो ते आधी बघा, मग बोलू."

मी मागच्या रांगेत बसले. पडद्यावर शनिवारच्या सामन्याची चित्रफीत होती, मैदानाच्या टोकाकडून उंचावरून घेतलेली. कोचच्या हातात रिमोट. एक प्ले, म्हणजे एका संधीतला खेळ, चालायचा, थांबायचा, मागे जायचा, पुन्हा चालायचा. एका ठिकाणी हा टॅकल हलला नव्हता आणि त्याच्या बगलेतून आत घुसलेल्या गड्याने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला आडवं केलं होतं. स्टेडियममधल्या हजारो लोकांनी ते पाहिलं होतं. मला वाटलं आता ओरडा पडणार. कोचनी चित्र चेंडू सुटायच्या आधी गोठवलं आणि विचारलं, "तुला काय दिसलं?"

"सेफ्टी खाली आला." म्हणजे बचावाचा सगळ्यांत मागचा गडी पुढे सरकला.

"कधी?"

"सेंटरने आमची हाक दिल्यानंतर."

"मग तू काय ठरवलंस?"

"मला वाटलं गार्डलाही दिसलं असेल. तो बोलेल."

कोच बाकीच्यांकडे वळले. "याचे डोळे बरोबर होते. पायही बरोबर पडणार होता. याने तोंड उघडलं नाही." मग गार्डला विचारलं, "तुला दिसलं होतं?" नव्हतं दिसलं. त्याच्या बाजूने ते दिसणं शक्यच नव्हतं, हे त्यांनी दुसऱ्या कोनातून घेतलेल्या चित्रात दाखवलं.

पुढे मी त्या खोलीत पुष्कळदा बसले आणि त्यांची पद्धत माझ्या लक्षात आली. ते प्रत्येक चूक आधी तीनपैकी एका ठिकाणी नेऊन ठेवत. डोळ्यांची चूक, पायांची चूक, नाहीतर तोंडाची. डोळ्यांची असेल तर मुलाला आणखी चित्रफिती दाखवायच्या. पायांची असेल तर मैदानावर तोच एक पाय शंभरदा टाकून घ्यायचा. तोंडाची असेल तर त्या मुलाला पुढच्या आठवड्यात सरावात हाका द्यायचं काम सोपवायचं, म्हणजे भीड चेपते. चूक कुठली हे न ओळखता औषध दिलं तर मुलगा आणखी बिघडतो, असं ते म्हणत. संख्याशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना मी हे कधीच केलं नव्हतं आणि माझ्या ओळखीचे कोणी करतही नव्हते. उत्तर चूक म्हणून गुण कापायचे, एवढंच आमच्याकडे.

लाइनच्या खेळाडूचं आयुष्य विचित्र असतं. सेंटर सोडला तर त्यांच्यापैकी कोणाच्या हाताला चेंडू लागत नाही. त्यांच्या नावावर धावा नाहीत, गोल नाहीत, आकडे नाहीत. लाउडस्पीकरवर नाव येतं ते बहुधा पेनल्टी झाली तरच. अशा मुलांना मन लावायला लावायचं तर त्यांचं काम बारकाईने पाहणारं कुणीतरी हवं, आणि ते काम कोच करतात. रविवारी प्रत्येक मुलाच्या प्रत्येक प्लेला अधिक किंवा उणे असा शेरा मिळतो. सामन्यात साठ-सत्तर प्ले, म्हणजे एकेका मुलाच्या साठ-सत्तर उत्तरांची तपासणी, आणि प्रत्येकापुढे दोन शब्दांचं कारण. सोमवारी तो कागद मुलाच्या हातात असतो.

आणि मग मैदान. चेंडू सुटल्यावर लाइनच्या मुलाचं पहिलं पाऊल सहा इंचांचं असावं लागतं. नऊ झालं तर तोल जातो, चार झालं तर समोरचा आधी पोचतो. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे तालमीत वस्ताद पोराची टाच हाताने धरून डाव बसवतो, तसे हे कोच दुखऱ्या गुडघ्यावर गवतात बसत, पाऊल जिथे पडायला हवं तिथे स्वतःचा तळवा ठेवत आणि म्हणत, "इथे." एकशेचाळीस किलोचा मुलगा त्यांच्या बोटांपासून अंगुळभर अंतरावर पाय आपटायचा. तळवा हलायचा नाही.

त्या टॅकलला मी नंतर वेगळ्याच रीतीने शिकवलं. संघातले शिकाऊ कोच दर आठवड्याला प्रतिस्पर्ध्याच्या सवयींचा तक्ता काढतात. तिसरी संधी आणि सात यार्डांहून जास्त अंतर असताना तो संघ किती वेळा जादा माणूस घुसवतो, डावीकडून किती, उजवीकडून किती. मी त्याला तो तक्ता समोर ठेवून विचारलं, "सेफ्टी खाली आलेला दिसला, तर आता घुसखोरीची शक्यता वाढली की कमी झाली?" तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी काहीतरी अगदीच उघड विचारलं आहे. "वाढली." किती, ते त्याने तक्त्यातून काढून दिलं. अटीवर अवलंबून असलेली संभाव्यता हा पाठ्यपुस्तकातला धडा त्याने त्या दुपारी खडू घेऊन फळ्यावर मलाच समजावून सांगितला. सत्राअखेर त्याला सी मिळाला आणि तो आम्ही दोघांनी कमावलेला होता.

कोच होण्याची वाट लांब असते. सुरुवात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, खेळणं नुकतंच संपलेलं, नावापुरता मास्टर्सला बसलेला. फी माफ आणि हातखर्चाला थोडे पैसे. त्याबदल्यात प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती तुकडे करून नोंदवायच्या, त्यांच्या प्रत्येक मांडणीचं चित्र पुठ्ठ्यावर काढायचं म्हणजे सरावात राखीव मुलांना ती दाखवून खेळवता येते, भरतीसाठी आलेल्या मुलाला विमानतळावरून आणायचं, कोणाची आई हॉटेलात एकटी असेल तर तिला जेवायला न्यायचं. माझ्या खोलीत सकाळी सहाला कॉफीचं भांडं चढवणारे बहुधा हेच असत, कारण ते रात्री घरीच गेलेले नसत. त्यानंतर चित्रफितींच्या विश्लेषणाची एखादी जागा, मग छोट्या कॉलेजात एखाद्या पोझिशनचा कोच, मग मोठ्या ठिकाणी. दर जानेवारीत फुटबॉल कोचच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन भरतं. त्यात व्याख्यानं असतात. त्याच वेळी हॉटेलच्या लॉबीत मात्र नोकऱ्यांचं बोलणं चालतं, हातात माहितीपत्रक घेऊन उभ्या असलेल्या पोरांचं आणि नुकत्याच काढून टाकलेल्या प्रौढ माणसांचंही.

निक सेबनचंच बघा. अलाबामात २००७ ते २०२३ असे सतरा हंगाम काढून, एकूण सात राष्ट्रीय विजेतेपदं नावावर लावून ते जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. त्यांची सुरुवात १९७३ साली केंट स्टेटला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून झाली. तिथून सिरॅक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट आणि व्यावसायिक फुटबॉलमधले ह्यूस्टन ऑइलर्स. एवढी गावं फिरून १९९० साली टोलीडोत पहिल्यांदा हेड कोच. जे पुढे सर्वांत यशस्वी ठरले त्यांची ही कथा. जे तिथवर पोचत नाहीत ते आयुष्यभर त्या यादीच्या पहिल्या अर्ध्यातच फिरत राहतात.

आमच्या लाइनच्या कोचची बायको शाळेत शिकवायची. अमेरिकेत शिक्षकाचा परवाना राज्याराज्याचा वेगळा. दर बदलीनंतर नवे अर्ज, नव्या परीक्षा, आणि नोकरीतली ज्येष्ठता पुन्हा शून्यावर. थोरल्या मुलीची शाळा अकरावीत बदलली होती आणि ती त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नव्हती, हे त्यांनी मला एकदा प्रवासात, बसच्या पुढच्या सीटवरून मान न वळवता सांगितलं. मी काही बोलले नाही. सांगलीहून निघताना मीही कायम नोकरी सोडली होती, त्यामुळे त्यांच्या बायकोची बाजू मला सांगावी लागत नव्हती.

या पेशाची सुरुवात अशी नव्हती. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला, आणि पहिली काही दशकं हा खेळ विद्यार्थी स्वतःच चालवत. १८९२ मध्ये नव्याने उघडलेल्या शिकागो विद्यापीठाने एमस अलोन्झो स्टॅग यांना बोलावलं ते प्राध्यापकाचा दर्जा आणि कायम नेमणूक देऊन. एक्केचाळीस हंगाम ते तिथे राहिले. १९३२ साली सत्तरीच्या नियमाने त्यांना निवृत्त केलं, तेव्हा कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला जाऊन त्यांनी १९४६ पर्यंत शिकवलं. नॉत्र दामचे नूट रॉक्नी नॉर्वेतून लहानपणी आलेले. ते रसायनशास्त्र शिकवत आणि दुपारी मैदानावर जात. १९३१ मध्ये कॅन्ससमध्ये विमान कोसळून ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर १०५ विजय आणि अवघे १२ पराभव होते. नेब्रास्काच्या टॉम ऑस्बर्न यांची डॉक्टरेट शैक्षणिक मानसशास्त्रातली. लुइझियानातल्या ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात एडी रॉबिन्सन १९४१ पासून १९९७ पर्यंत होते, ४०८ सामने जिंकले, आणि मुलं सकाळी वर्गाला जावीत म्हणून वसतिगृहात घंटा वाजवत फिरत.

मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते मिनेसोटातल्या सेंट जॉन्सचे जॉन गॅग्लिआर्डी. कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त, ४८९ विजय त्यांचे, आणि तेही बहुतेक जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते अशा विभागात. त्यांच्या सरावात शिटी नव्हती, एकमेकांना आडवं पाडणं नव्हतं, आणि मुलांनी त्यांना कोच न म्हणता जॉन म्हणायचं. साठ हंगाम ते एकाच कॉलेजात होते. कॅन्सस स्टेटचे बिल स्नायडर १९८९ च्या हंगामात आले तेव्हा तो संघ सलग सत्तावीस सामन्यांत एकही विजय न मिळवलेला होता. त्यांना तिथे उभारणीला वेळ दिला गेला, म्हणून तो संघ उभा राहिला. सोळा-सतरा वर्षं काढून निवृत्त झाले, २००९ मध्ये परत आले, २०१८ पर्यंत राहिले. प्रतिस्पर्धी संघातल्या जखमी मुलालाही ते स्वतःच्या हाताने जांभळ्या शाईत पत्र लिहीत.

या सगळ्यांना वेळ मिळाला होता, हे मला पुन्हा पुन्हा जाणवतं. आणि वेळ कोणाला मिळतो यालाही रंग होता. कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या विभागात पहिला कृष्णवर्णीय हेड कोच १९७९ साली नेमला गेला, विचिटा स्टेटला विली जेफ्रीज. आमच्या बैठकीच्या खोलीत बसणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय असतात. हेड कोचच्या खुर्चीत तसा माणूस आजही कमी दिसतो.

माझं आणि कोच लोकांचं रोजचं नातं सोपं नव्हतं. दर सोमवारी सकाळी सातला बैठक. माझ्यासमोर हजेरीचा कागद. कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा नियम असा की तिसरं वर्ष सुरू होताना मुलाची पदवीच्या अभ्यासक्रमाची ४० टक्के मजल पूर्ण हवी, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. शिवाय शिष्यवृत्तीवरचा प्रत्येक खेळाडू दर सत्रात संघासाठी दोन गुण कमावतो, एक खेळायला पात्र राहिल्याचा आणि एक विद्यापीठात टिकल्याचा. या गुणांची चार वर्षांची सरासरी हजारात ९३० च्या खाली गेली तर संघाला हंगामानंतरचे सामने खेळता येत नाहीत. म्हणून हेड कोचना माझं ऐकावं लागे. पण नियम पाळण्याचे दोन मार्ग असतात. काही कोच मला सरळ सांगत की या मुलाला सोप्यात सोपा विषय द्या. मी ते मानलं नाही, आणि त्यावरून झालेली भांडणं अजून माझ्या डोक्यात आहेत. अठरा वर्षांच्या मुलाला अभियांत्रिकी हवी असेल तर सरावाच्या वेळेसाठी त्याचा विषय बदलणं हा माझ्या दृष्टीने अन्याय आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना व्यावसायिक फुटबॉल कधीच मिळणार नसतं हे कोचनाही पक्कं ठाऊक असतं.

लाइनच्या कोचकडे एक सेंटर होता, त्याची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा मंगळवारी दुपारी. मंगळवार हा आठवड्यातला सगळ्यांत महत्त्वाचा सराव. पहिल्या दोन संधींचे सगळे प्ले त्या दिवशी बसवतात. ते म्हणाले, "प्रयोगशाळेला जा." आणि संपूर्ण सत्रभर मंगळवारी रात्री, जेवण झाल्यावर, त्या एका मुलाला घेऊन बैठकीच्या खोलीत बसले. खुर्च्या मांडून त्यांनी बचावाची रांग केली होती. मुलगा खुर्च्यांकडे बघून हाका द्यायचा. मी उशिरा निघताना काचेतून ते पाहिलं आहे.

भरतीच्या दिवसांत याच माणसाला विक्रेत्यासारखं फिरावं लागे. डिसेंबरात मुलं सही करतात, त्याआधीचे आठवडे विमानात आणि भाड्याच्या गाड्यांत. कुणाच्या आजीच्या घरी, कुणाच्या चर्चमध्ये. शनिवारी सकाळी पाहुणी कुटुंबं विद्यापीठ बघायला आली की नाश्त्याच्या टेबलावर माझी जागा ठरलेली असे, कारण आया मला विचारत. त्या टॅकलच्या आईने मला विचारलं होतं, "याला दुखापत झाली तर याची शिष्यवृत्ती राहील?" मी नियम सांगितला. मग तिने कोचकडे बघून विचारलं, "आणि तुम्ही राहाल?" कोच म्हणाले, "मी असेपर्यंत तो माझा आहे. मी किती काळ असेन ते माझ्या हातात नाही, तुम्हाला खोटं सांगणार नाही." तिने मान डोलावली आणि मुलाकडे बघितलं. सही झाली. दुसऱ्या विद्यापीठांतून आलेल्या कोचनी तिला चार वर्षांचं वचन दिलं होतं, असं तिने मला पुढे सांगितलं.

आणि तो नोव्हेंबर आला. हंगाम वाईट गेला होता. शेवटचा सामना शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाशी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. हरलो. रविवारी सकाळी मुलांना निरोप गेला, दुपारी सभा. क्रीडा संचालक पाच मिनिटं बोलले. हेड कोच दोन मिनिटं. हेड कोचच्या करारात उरलेल्या वर्षांचे पैसे लिहिलेले असतात. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा ती रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली होती. साऱ्या देशाने तो आकडा वाचला. हाताखालच्या माणसांचा आकडा कोणी वाचत नाही. त्यांचे करार बहुधा एक-दोन वर्षांचे, आणि नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येतो. आमच्या दहा जणांपैकी दोघांना ठेवलं. लाइनच्या कोचना ठेवलं नाही.

त्या संध्याकाळपासून इमारतीत फक्त फोन ऐकू येत होते. प्रत्येक कोच आपापल्या खोलीत दार लावून जुन्या ओळखी फिरवत होता. मी कुणाला दोष देत नाही. घराचा हप्ता सगळ्यांनाच असतो. मुलं मात्र कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसली होती. पुढच्याच आठवड्यात त्यांची सत्रपरीक्षा होती आणि तिचं नाव घ्यायला कोणी नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला मी सवयीने बैठकीच्या खोलीत गेले. तिथे लाइनचे कोच एकटे बसले होते, माझ्या हजेरीच्या कागदाची वाट बघत. त्यांनी आपल्या मुलांची यादी काढली होती: कोणाची परीक्षा कधी, कुठल्या इमारतीत, कोण लवकर उठतो, कोणाला कोणी उठवायचं. रसायनशास्त्रवाल्या सेंटरच्या पेपराच्या दिवशी ते स्वतः त्याला गाडीने सोडायला गेले. आणि त्याच आठवड्यात त्यांनी शेवटच्या सामन्याचे शेरे पूर्ण केले. प्रत्येक मुलाला बोलावून, तो पडदा चालू करून, प्रत्येक प्ले. त्या टॅकलने मला नंतर सांगितलं, "त्यांनी मला विचारलं, तुला काय दिसलं. नेहमीसारखं. मी म्हटलं, कोच, आता कशाला? ते म्हणाले, वसंतात नवा कोच तुला हेच विचारील, तेव्हा तुला उत्तर येत असलं पाहिजे."

ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, २०१८ पासून आहे, पण २०२१ मध्ये पहिली बदली एक वर्ष मैदानाबाहेर न बसता करायची मुभा मिळाली तेव्हापासून त्याचं रूप पालटलं. कोच गेला की मुलंही जातात. त्यांनी जाऊ नये असं मी म्हणणार नाही. कोच दुसरीकडे जाऊ शकतो तर मुलाने का थांबावं? पण क्रेडिट्स सगळी बरोबर जात नाहीत. पंचाहत्तर क्रेडिट्सच्या मुलाची नव्या ठिकाणी पन्नासच मोजली गेली की त्याची साठ टक्क्यांची मजल हुकते, आणि हे त्याला कळतं ते तिथे पोचल्यावर. त्या डिसेंबरात पोर्टलमध्ये नाव घालण्याआधी माझ्याकडे येऊन हिशेब करून गेली ती मुलं बहुतेक लाइनच्या खोलीतली होती. पाठवलं कोणी होतं ते मला विचारावं लागलं नाही. टॅकल थांबला. बांधकाम व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि आता मेम्फिसला एका पुलाच्या कामावर आहे.

कोच आयोवातल्या एका लहान कॉलेजात गेले. शिष्यवृत्त्या नाहीत, प्रेक्षक शेकड्यांत, पगार निम्म्याहून कमी. तिथे ते लाइन बघतात आणि आठवड्यातून दोनदा शारीरिक शिक्षणाचा वर्ग घेतात. बायकोला तिथल्या शाळेत नोकरी लागली आहे. मधूनमधून त्यांचा फोन येतो तो कुठल्यातरी मुलाच्या स्टॅटिस्टिक्सच्या अडचणीसाठी, आणि मग आम्ही प्रतिस्पर्ध्याच्या सवयींच्या तक्त्यावरून उदाहरणं तयार करतो.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येऊ लागले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी डॉलरच्या मर्यादेत. मुलांना त्यांच्या घामाचे पैसे मिळताहेत याचा मला आनंद आहे. ते फार आधी मिळायला हवे होते. या नव्या हिशेबात पोझिशन कोचच्या कराराबद्दल मात्र कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. म्हणून दर उन्हाळ्यात विभागाच्या आढाव्याला मी एक पान जोडते. ज्या कोचच्या खोलीतली मुलं वेळेवर पदवी घेतात त्याला किमान तीन वर्षांचा करार द्यावा, हेड कोच बदलला तरी, असं त्यात लिहिलेलं असतं. खाली प्रत्येक खोलीचे पदव्यांचे आकडे असतात आणि त्यात आयोवाला गेलेल्या कोचच्या वर्षांचे आकडे मी अजून काढून टाकलेले नाहीत. संचालकांनी दोनदा ते पान परत पाठवलं, एकदा वाचून चर्चेला बोलावलं. यंदाचं पान गेल्या आठवड्यात दिलं आहे.